जमिनीवरचं विमान

ब्रेक सोडायच्या आधी मॅडम खुर्चीत जरा पुढं सरकायच्या, बाजूच्या काचेला जवळजवळ गाल टेकवायच्या आणि मान वळवून मागं, पंखाच्या टोकाकडं बघायच्या. मग सरळ बसून म्हणायच्या, "न्हाई दिसत. चला."

आमच्या विमानात वैमानिकाच्या खुर्चीतून स्वतःच्या पंखाचं टोक दिसत नाही. पंख फार मागं असतात आणि शेवटाकडं आणखी मागं झुकलेले असतात. कितीही मान वळवली तरी व्यर्थ. हे मला ठाऊक होतं, त्यांना तर माझ्या कितीतरी आधीपासून. तरी दर वेळी त्या बघायच्या. सुरुवातीला मी हसू दाबायचो. मग एकदा विचारलंच, "जे दिसतच नाही ते रोज काय बघायचं, मॅडम?"

"दिसत न्हाई ह्येची आठवन ऱ्हावी म्हनून बघतो," त्या म्हणाल्या.

'बघतो' हे मी चुकून लिहिलेलं नाही. आमच्या सांगली भागातल्या कितीतरी बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, आणि मॅडम आटपाडीच्या. कामाचं बोलणं ठरलेल्या इंग्रजीत, साहेबांशी स्वच्छ पुस्तकी मराठी, आणि मी आष्ट्याचा आहे हे कळल्यापासून माझ्याशी मात्र आटपाडीची बोली. माझं नाव त्यांनी क्वचितच घेतलं. "आष्टा" म्हणायच्या. "आष्टा, पाय कुठं हाय?" म्हणजे ब्रेकवरचा पाय काढ.

त्यांचे वडील मेंढपाळ. पावसाळा सरला की मेंढरं घेऊन कृष्णाकाठाकडं उतरायचे. मॅडम सांगलीत मामाच्या घरी राहून शिकल्या. मामा सैन्यात अवजड गाड्या चालवायचे आणि सुट्टीवर आले की भाचीला शेजारी बसवून फिरवायचे. तिथून पुढं त्या एवढ्या मोठ्या विमानाच्या डाव्या खुर्चीपर्यंत कशा पोचल्या, हे मी दोन-तीनदा विचारलं. दर वेळी उत्तर एकच. "अभ्यास केला. दुसरं काय?"

तुम्ही कधी विमानतळावर काचेपाशी उभे राहिला असाल, तर विमान धावपट्टीकडं सावकाश जाताना बघितलं असेल. बघणाऱ्याला वाटतं, खरं काम तर पुढं आहे, हे नुसतं चालणं. आम्हा वैमानिकांनाही बरीच वर्षं तसंच वाटतं. कारण उजव्या खुर्चीतल्या माणसाला उडवायला मिळतं, उतरवायला मिळतं, पण जमिनीवर चालवणं हे बहुतेक वेळा डाव्या खुर्चीचं, म्हणजे कॅप्टनचं काम. मी बरीच वर्षं उजवीकडं बसलो. आकाशात मला कशाची भीती नव्हती. कॅप्टन होण्याच्या शिक्षणासाठी डाव्या खुर्चीत बसलो आणि पहिल्याच दिवशी कळलं की मला विमान चालवता येत नाही.

शिकवायला मॅडम होत्या. आता त्या उजवीकडं, मी डावीकडं.

गुडघ्याच्या बाजूला एक छोटं चाक असतं, दोन्ही खुर्च्यांना. त्यानं विमानाचं पुढचं चाक वळतं. मी ते मुठीत गच्च धरायचो. मॅडम तीन बोटांनी धरायच्या, तव्यावरची भाकरी फिरवावी तशा. "मूठ सोड. ती म्हैस न्हवं, पळून जात न्हाई," असं म्हणायच्या. सरळ रस्त्यावर तर त्या चाकाला हातच लावू द्यायच्या नाहीत. थोडीफार दिशा पायातल्या पेडलनं सांभाळता येते. चाक फक्त वळणाला.

ब्रेकचंही तसंच. सतत थोडाथोडा दाबत राहणं त्यांना खपायचं नाही. वेग वाढला की एकदा नीट, सरळ दाबायचा, वेग उतरवायचा आणि पाय काढून घ्यायचा. घासत राहिलं की ब्रेक तापतात, आणि मागं बसलेल्या माणसांच्या माना डुलत राहतात. वेग किती, हे डोळ्यांना विचारायचं नाही. आमची खुर्ची दुमजली घराच्या गच्चीइतकी उंच. तिथून जमीन अगदी निवांत सरकताना दिसते आणि प्रत्यक्षात विमान रिकाम्या रस्त्यावरच्या एसटीसारखं पळत असतं. म्हणून समोरच्या आकड्याकडं बघायचं. वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, वळणात शिरल्यावर नाही. जमीन ओली असेल तर त्याहून कमी, कारण ओल्यात पुढचं चाक वळतं पण विमान कधी कधी वळत नाही, तसंच सरळ घसरत जातं.

आणि इंजिनाला जोर द्यायच्या आधी मागचा विचार. एकदा आम्ही वळून उभे होतो. निघायची परवानगी मिळाली होती. लांब, आमच्या मागच्या बाजूला एक झाडूवाली बाई वाऱ्यानं उडालेले कागद गोळा करत चालली होती. वळताना माझी नजर तिच्यावरून गेली होती, पण ती माझ्या लक्षात राहिली नव्हती. मी हात पुढं केला तर मॅडमनी माझ्या मनगटावर बोट ठेवलं.

"ती बाई कुठं गेली?"

"कोण बाई?"

"मागं हुती. इंजिनाच्या वाऱ्यानं उडंल ती."

त्यांनी रेडिओवरून विचारलं. बाई पलीकडच्या भिंतीशी पोचली असं उत्तर आल्यावरच आम्ही निघालो. "मागं मानसं हायती" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की पुढं पुढं त्या नुसतं "मागं" म्हणायच्या आणि मी हात आवरायचो.

बाकीची तरुण मंडळी त्यांना पाठीमागं 'बैलगाडी' म्हणायची. रेडिओवर त्यांचा आवाज आला की कुणीतरी म्हणायचं, "आली बैलगाडी, आता बसा." मॅडमना हे ठाऊक होतं. एकदा कँटीनमध्ये असा विनोद चाललेला असताना त्या शेजारच्या टेबलावरून उठल्या, त्या पोरांजवळ गेल्या आणि अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "बैलगाडीला उलटं जाता येतं. आपल्या विमानाला तेही येत नाही." मॅडम चहाचा कप घेऊन निघून गेल्या.

माझं अडत होतं ते वळणाला. आमची खुर्ची पुढच्या चाकाच्याही पुढं असते आणि मुख्य चाकं पार मागं, पंखांखाली. रस्त्याच्या मधोमध पिवळी रेघ असते. रेघ वळली की आपणही वळावं असं मनाला वाटतं. तसं केलं की मागची चाकं आतून, जवळच्या वाटेनं येतात आणि कोपऱ्यावरच्या गवतात जाऊ पाहतात. म्हणून रेघ वळली तरी आपण सरळ पुढं जायचं असतं, स्वतः गवतावर लटकल्यासारखं होईपर्यंत, आणि मग वळायचं. हे मला तोंडपाठ होतं. पण पायाखाली गवत दिसायला लागलं की माझा हात आपोआप लवकर वळायचा. मॅडम दर वेळी निमूटपणे सावरून घ्यायच्या. मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

एकदा आम्ही दोघं सुट्टीला एकाच गाडीनं गावाकडं येत होतो. गाडी त्यांची, चालवणाऱ्याही त्याच. साताऱ्याच्या पुढं चहाला थांबलो तेव्हा त्यांनी एकदम विचारलं, "तुज्या रानातला ऊस गेला का रं?"

"गेला की. का?"

"मग रविवारी येतो. घरातल्या समद्यांस्नी रानात बोलाव."

रविवारी सकाळी त्या आटपाडीहून विट्यामार्गे आष्ट्याला आल्या. डिकीत दोरखंडाची भेंडोळी, लाकडी खुंट्या आणि चुन्याची पिशवी. आमच्या मोकळ्या रानात त्यांनी आधी चुन्यानं रस्ता आखला, एक काटकोनातलं वळण घेणारा. मग दोर मोजून आमचं विमान मांडायला घेतलं. एकराच्या चौकोनात पंख मावेनात. उजव्या पंखाचं टोक शेजाऱ्याच्या हरभऱ्यात गेलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, बांधावर उभं राहून बघत होते. "एवढं मोठं आसतंय?" ते पुटपुटले. मुलगा काय चालवतो हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पायानं मोजलं.

मॅडमनी जागा वाटून दिल्या. मी वैमानिक. माझ्या मागं काही पावलांवर वहिनी, ती पुढचं चाक. पार मागं मुख्य चाकं म्हणून उसाच्या कामावरचे दोघं गडी. डाव्या पंखाचं टोक माझा थोरला भाऊ, उजव्या पंखाचं टोक अण्णा, आणि शेपूट म्हणून आई. सगळ्यांना दोरांनी एकमेकांशी बांधलं. "दोर ढिला पडता कामा नये. विमान वाकत न्हाई," त्यांनी बजावलं.

आम्ही निघालो. माझे पाय वळणाच्या रेघेवर आले आणि मी डावीकडं वळलो. मागून मॅडमचा आवाज आला, "थांबा! डावं चाक कुठं हाय बघा." डावं चाक असलेला गडी रस्ता सोडून चुन्याच्या पार आत, ढेकळांत उभा होता. "मला दोरानं हिकडंच वडलं," तो अपराध्यासारखा म्हणाला.

"तुजी काय चूक न्हाई," मॅडम म्हणाल्या. "पायलट भित्रा हाय."

दुसऱ्या वेळी त्या माझ्या बाजूनं चालत आल्या. रेघ आली, मी त्यांच्याकडं बघितलं. "चालत ऱ्हा," त्या म्हणाल्या. मी रस्त्याची कड ओलांडली, पाचटात शिरलो. "चालत ऱ्हा." पाचट गुडघ्याला लागलं. तेव्हा कुठं त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला आणि मी वळलो.

मग जी गंमत झाली ती आमच्या घरात अजून सांगतात. डावीकडं वळताना डाव्या टोकाला फारसं चालावं लागत नाही. भाऊ जवळजवळ जागच्या जागी फिरत, ऊस सोलून खात होता. उजव्या टोकाला मात्र केवढा तरी फेरा. अण्णा धोतर सावरत हरभऱ्यातून धावायला लागले. "आवं बाई, ह्यो पंख हाय का शर्यतीचा बैल?" ते ओरडले. आणि शेपूट उलट्या बाजूला फेकलं जातं, हे आईला कुणी सांगितलंच नव्हतं. दोराच्या हिसक्यानं ती उजवीकडं ओढली गेली आणि थेट पाण्याच्या पाटात उभी राहिली. पण दोन्ही गडी रस्त्याच्या आत होते. चुन्याला त्यांचा पायसुद्धा लागला नव्हता.

"बघितलंस?" मॅडम म्हणाल्या. "तू वळला तवा अण्णा धावले, आई भिजली. तुला म्होरं बसून ह्येतलं कायबी दिसत न्हाई."

दुपारी आमच्याकडंच जेवल्या. आईनं भाकरी वाढता वाढता विचारलं, "एवढं मोठं धूड तुमी एकट्या चालवता?"

"एकटी कशाला? तुमचा ल्योक हाय की शेजारी."

आईचा चेहरा मी असा फुललेला क्वचितच पाहिला आहे. त्या दिवसापासून अण्णा फोनवर स्वतःला 'उजवा पंख' म्हणायला लागले. आणि माझा हात लवकर वळणं थांबलं. गवत पायाखाली आलं की मला अण्णा धावताना दिसायचे, मी चालत राहायचो.

पावसाळ्यातली एक दुपार. आम्ही एका मोठ्या शहरात उतरलो होतो. झड लागलेली, विमान गच्च भरलेलं, आधीच उशीर झालेला. आमच्या थांब्यापाशी हातात दोन दांड्या घेतलेला माणूस आम्हाला 'या, या' करत होता. उजव्या बाजूला जेवणाचे डबे उतरवणारा एक ट्रक उभा होता. त्याचं मागचं टोक गाड्यांना आखून दिलेल्या लाल रेषेच्या आत की बाहेर, पावसातून कळत नव्हतं. मी अगदी हळू पुढं घेत होतो.

"पंख जाईल?" मॅडमनी विचारलं.

"तो बोलावतोय."

"तो बोलावतोय ह्ये मला बी दिसतंय. तो तितं खाली उभा हाय. पंख तुजा हाय. जाईल का, सांग."

"माहीत नाही."

मी ब्रेक दाबला आणि विमान उभं केलं.

पुढची वेळ फार वाईट गेली. दांड्यावाला हात जोरजोरात हलवायला लागला. रेडिओवरून विचारणा सुरू झाली, कारण आमचं शेपूट मागचा रस्ता अडवून होतं आणि तिथं आणखी एक विमान खोळंबलं होतं. मागं प्रवासी पिशव्या काढून उभे राहिले, कुणी आरडाओरडा करू लागलं. ट्रकचा ड्रायव्हर सापडेना. मॅडमनी स्वतः माइक घेऊन प्रवाशांना सांगितलं, "आपण वाट बघतोय. बाजूला एक गाडी आहे, ती हलली की जाऊ. तोवर कृपया बसून राहा." आवाजात घाई नाही, आर्जव नाही. लोक बसले. शेवटी ड्रायव्हर आला, ट्रक हलला, आम्ही आत गेलो.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. कुणीतरी जागेवर जाऊन मोजलं होतं. ट्रक लाल रेषेच्या आतच होता. आमचा पंख सुखरूप गेला असता.

"म्हणजे थांबायची गरज नव्हती," साहेब म्हणाले.

"गरज नव्हती हे आज कळलं," मॅडम म्हणाल्या. "काल कळत नव्हतं."

"यानं थांबवलं की तुम्ही?"

"विमानाची जबाबदारी माझी होती. थांबलो आम्ही दोघं."

साहेबांनी कागद मिटला. मग त्यांनी आम्हाला जायला सांगितलं. कँटीनमध्ये हशा चालला होता, 'बैलगाडी' हा शब्द दोनदा कानावर आला. मला राग आवरेना. मॅडमनी माझ्यासमोर चहा सरकवला. "हसू दे की. पंख मोडला आसता तर कोन हसलं नसतं."

"पण मोडला नसता, मॅडम. मोजलंय त्यांनी."

"मग आनंद हाय," त्या म्हणाल्या, आणि खरंच आनंदानं चहा प्यायल्या.

थंडी सरत आली होती तेव्हाची गोष्ट. स्वच्छ सकाळ, कोरडी जमीन, विमानतळ जवळजवळ मोकळा. त्या दिवशी त्यांनी म्हटलं, "ह्यो फेरा मी चालवतो, तू बघ." फार दिवसांनी त्यांचा हात बघायला मिळाला. उतरल्या इतक्या हलक्या की मागं काही लोकांना कळलंही नसेल. धावपट्टीवरून बाहेर वळलो. समोर लांबच लांब सरळ रस्ता, मधोमध पिवळी रेघ. आणि त्यांनी विमान थांबवलं.

मी समोर बघितलं. काही नव्हतं. डावीकडं, उजवीकडं काही नव्हतं. रेडिओ शांत होता. त्यांनी पार्किंग ब्रेक लावला आणि हात उचलून मांडीवर ठेवले. मग ठरलेल्या इंग्रजी शब्दांत विमानाचा ताबा माझ्याकडं दिला. मी ठरलेल्या शब्दांत घेतला.

"आष्टा," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "रेघ सरळ हाय न्हवं?"

"सरळ आहे, मॅडम."

"मला वाकडी दिसाय लागली."

मी त्यांच्याकडं बघितलं. कपाळावर घाम होता. नजर समोर एका ठिकाणी रोवलेली. "डोकं हलवलं की समदं फिरतंय. तू घे. माज्याकडं बघू नगोस, म्होरं बघ."

मी कंट्रोल टॉवरला कळवलं, डॉक्टरांना थांब्यावर बोलावलं आणि ब्रेक सोडला. ते अंतर फार नव्हतं. दोन वळणं होती. कुणी शिकवणारं शेजारी नसताना विमान चालवण्याची ती माझी पहिली वेळ, कारण शेजारी बसलेली बाई डोळे मिटून बसली होती. दुसऱ्या वळणाला गवत पायाखाली आलं, मी पुढं जात राहिलो, वळलो, रेघेवर विमान सरळ उभं केलं. मॅडमनी डोळे न उघडताच विचारलं, "पुढचं चाक सरळ केलंस न्हवं थांबताना?"

"केलं."

"बरं."

प्रवासी उतरून गेले. त्यांच्यातल्या कुणालाही काही कळलं नाही. डॉक्टर वर येईपर्यंत मॅडमचा घाम सुकला होता आणि त्या ताठ बसल्या होत्या. "आता बरं वाटतंय," एवढंच त्या सांगू शकल्या असत्या. झोप झाली नाही, पित्त झालं, असं काहीही. मी तसं सुचवलंसुद्धा. त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी उठून डॉक्टरांना जागा करून दिली. डॉक्टरांना त्यांनी सगळं, आधी घरी दोनदा तसं झाल्यासारखं वाटलं होतं तेही, क्रमानं सांगितलं.

दोष आतल्या कानाचा निघाला. येतो, जातो. घरात राहायला, फिरायला, प्रवास करायला हरकत नाही. विमान चालवायला मात्र कायमची हरकत.

त्या आटपाडीला गेल्या. बरेच दिवस फोन उचलला नाही. माझी शेवटची परीक्षा झाली, मी कॅप्टन झालो, तेव्हा न कळवताच आटपाडीला गेलो. गावाबाहेर डाळिंबाच्या बागेला लागून त्यांचं घर. मागं मेंढरांचा वाडा. मॅडम ओसरीत बाजेवर बसल्या होत्या. बारीक झाल्या होत्या. पेढे हातात दिले तर बाजूला ठेवले.

"परीक्षेचं सांग. कुठलं वळान दिलं तुला?"

मी सांगायला लागलो. कोणता विमानतळ, जमीन ओली की कोरडी, वारा कुठून, वेग किती. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी वळणाशी आलो तेव्हा बघितलं, त्यांचा हात बाजेच्या कडेवर गेला होता आणि तीन बोटं अगदी सावकाश फिरत होती. मी बोलायचा थांबलो. बोटंही थांबली.

"का थांबलास?" त्यांनी डोळे उघडले. स्वतःच्या हाताकडं बघितलं, तो पदराखाली घेतला. मग म्हणाल्या, "दोन महिनं घराभायर पडलो न्हाई बघ. भायर पडलं की लोक इचारत्यात, परत कवा जानार. काय सांगायचं?"

मी पेढ्याचा पुडा पुन्हा त्यांच्याकडं सरकवला.

"आता सांगतो," त्या म्हणाल्या. "परत जानार न्हाई म्हनून. झालं. त्यात काय एवढं?" आणि पेढ्याचा पुडा उघडून आत हाक मारली, "आबा, या. कॅप्टन आल्यात."

त्यांचे वडील बाहेर आले. वाकलेले, पण चालणं काटक. पेढा खाऊन माझ्याकडं निरखून बघत राहिले. निघताना मी मॅडमना म्हटलं की माझ्या विमानात एकदा बसा, आबांनाही आणा. आबा आयुष्यात विमानात बसले नव्हते. लेक बोलवायची तेव्हा मेंढरं सोडून जायला जमायचं नाही. आता मेंढरं पुतण्याकडं होती. मॅडम नको म्हणाल्या. आबा म्हणाले, "मी येतो. तिला बी आनतो."

आणि आणलं. मुंबईहून दिल्लीला जाणारं माझं विमान. मॅडम आणि आबा पंखाच्या जरा पुढं, खिडकीजवळ बसलेले. दाराशी मला त्यांनी फक्त मान हलवून ओळख दिली, बाकीच्या प्रवाशांसारखी. पुढं काय झालं ते मला कोल्हापूरच्या एका केबिन कर्मचारी मुलीनं सांगितलं. तिची बसायची जागा त्यांच्या समोरच होती.

आबांनी घोंगडं वर ठेवू दिलं नाही, मांडीवर घेतलं. विमान हललं तसं त्यांनी विचारलं, "उडालं का गं?"

"न्हाई आबा. आजून जमिनीवर हाय."

"मग जानवत का न्हाई?"

"चालवनारा बरा हाय."

मग मॅडम डोळे मिटून बसल्या. त्या मुलीला वाटलं, बाईंना भीती वाटतेय. ती विचारणार तेवढ्यात मॅडम अगदी पुटपुटल्यासारखं बोलू लागल्या, "आता न्हाई... आता न्हाई..." मुलीला वाटलं, ही प्रार्थना असावी. मग त्या स्पष्ट म्हणाल्या, "हां, आता." आणि त्याच क्षणी विमान वळलं. मुलगी सांगत होती, "कॅप्टन, त्यांनी डोळे उघडले नाहीत. नुसत्या हसल्या."

दिल्लीला विमान लावलं, इंजिनं बंद केली. मला वाटलं होतं, त्या पुढं येतील, खुर्चीवर हात ठेवतील, काही बोलतील. आल्या नाहीत. प्रवाशांबरोबर उतरून गेल्या. मी खिडकीतून बघितलं. इमारतीच्या काचेच्या वाटेवरून दोघं चालले होते. आबांनी घोंगडं खांद्यावर घेतलं होतं. ते मध्येच थांबले आणि काचेला हात टेकून विमान या टोकापासून त्या टोकापर्यंत बघू लागले. मॅडम थांबल्या नाहीत. एक हात कठड्यावर ठेवत, आपल्या चालीनं पुढं गेल्या आणि वळणापलीकडं दिसेनाशा झाल्या. आबांना ते उशिरा कळलं. ते लगबगीनं मागोमाग गेले.

वाट थोडा वेळ रिकामी होती. मग पुढच्या फेरीची माणसं, हातात पिशव्या घेऊन, मुलांना सांभाळत, विमानाकडं यायला लागली.